६ कोटी एकर निवडुंग आणि एक करडा पतंग

#थ्रेड #इतिहास

१/ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात चिंचिला गावाजवळ बूनार्गा नावाची लहानशी वस्ती आहे. १९३६ साली तेथील शेतकऱ्यांनी एक सभागृह उभारले. सार्वजनिक वास्तूंना राजाचे, सेनापतीचे किंवा रणात पडलेल्या सैनिकांचे नाव द्यावे, अशी त्या काळची रीत. बूनार्गाकरांनी मात्र आपल्या सभागृहाला एका पतंगाचे नाव दिले. कॅक्टोब्लास्टिस स्मारक सभागृह. बोटाच्या पेराएवढा, करड्या रंगाचा, दिव्याभोवती घिरट्या घालताना कोणी ढुंकूनही पाहणार नाही असा हा किडा.

२/ त्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर या पतंगाच्या अळीने जे करून दाखवले, ते सरकार, विष, अग्नी, कुऱ्हाड आणि इनाम यांपैकी कशालाही ४० वर्षांत जमले नव्हते. प्रश्न होता निवडुंगाचा. दख्खनच्या गावकुसाबाहेर, बांधावर आणि पडीक वाड्यांत दिसणाऱ्या फड्या निवडुंगाच्याच कुळातला. आणि या कथेचा एक धागा थेट हिंदुस्थानातून जातो.

३/ सुरुवात होते ती एका रंगापासून. मेक्सिकोत निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या एका बारीक किड्याच्या वाळवलेल्या मादीपासून गडद लाल, किरमिजी रंग निघतो. या रंगाचा व्यापार स्पेनने जवळजवळ ३०० वर्षे मुठीत ठेवला होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लाल डगले रंगवायचे तर पैसा शत्रूच्या तिजोरीत जाणार, ही लंडनची कायमची ठसठस.

४/ म्हणून १७८७ साली कैद्यांची पहिली वसाहत वसवायला निघालेला ११ जहाजांचा ताफा रिओ द जानेरोला थांबला, तेव्हा कॅप्टन आर्थर फिलिपने किड्यांसकट निवडुंगाची रोपे जहाजावर चढवली. १७८८ मध्ये ती सिडनीला उतरली. किडे लवकरच मेले. रंगाचा धंदा जन्मालाच आला नाही. निवडुंग तेवढा राहिला.

५/ नेमके हेच स्वप्न ईस्ट इंडिया कंपनीलाही पडत होते. मद्रासचे वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी १७८० च्या दशकापासून त्यासाठी पत्रांचा सपाटा लावला आणि निवडुंगाची खास बाग उभी केली. बाग तयार झाली, पण किडा मिळेना. अखेर १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाचा अधिकारी रिओहूनच थोडे किडे घेऊन कलकत्त्यास पोहोचला. बहुतेक वाटेतच दगावले होते. उरलेले विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ताब्यातील वनस्पती उद्यानात सोडण्यात आले. तेथे ते भराभर वाढले आणि कंपनीत आनंदीआनंद झाला.

६/ तो आनंद अनाठायी होता. किरमिजी किड्यांच्या जाती अनेक. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवडून, जोपासून तयार केलेली पाळीव जात वेगळी. तिच्यात रंग भरपूर. रिओहून आलेली जात रानटी होती. तिच्यातून निघणारा रंग इतका थोडा की बाजारात तिला विचारतो कोण!

७/ रंगाच्या दृष्टीने फसलेल्या या किड्याने दुसरेच काम केले. ज्या निवडुंगावर त्याला सोडले, तो निवडुंगच त्याने खाऊन संपवला. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात ओपन्शिया मोनाकँथा ही निवडुंगाची जात कुंपणापुरती लावलेली होती आणि कुंपण सोडून पसरली होती. किडा पोहोचला तेथून ती दिसेनाशी होऊ लागली.

८/ १८३६ ते १८३८ या काळात हा किडा दक्षिण हिंदुस्थानात नेण्यात आला. या वेळी रंगासाठी नव्हे, निवडुंग मारण्यासाठी. त्यानंतर १८६३ ते १८६५ च्या सुमारास तो सिलोनला गेला. एका देशात उपद्रवी ठरलेली वनस्पती आटोक्यात आणण्यासाठी तिचा नैसर्गिक शत्रू मुद्दाम सोडणे, या पद्धतीला आज जैविक नियंत्रण म्हणतात. तणांच्या बाबतीत तिचे जगातील पहिले यश हिंदुस्थानच्या भूमीवरचे आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत हे कोठेही आढळत नाही, ही खेदाची गोष्ट.

९/ पण एक अडचण लगेच लक्षात आली. दक्षिणेत आणि दख्खनमध्ये माजलेल्या निवडुंगाला हा किडा तोंडच लावीना. कारण साधे होते. लोकांच्या दृष्टीने सगळा निवडुंग एकच. किड्याच्या दृष्टीने नव्हे. दक्षिणेतील ओपन्शिया डिलेनाय आणि दख्खनमधील ओपन्शिया इलॅटिअर या निराळ्या जाती. एकाचा काळ तो दुसऱ्याच्या गावीही नव्हता. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

१०/ आता ऑस्ट्रेलियाकडे. तेथे खरा अनर्थ फिलिपने आणलेल्या जातीने केला नाही. तो केला नंतर आलेल्या ओपन्शिया स्ट्रिक्टा या जातीने. हिचे मूळ मेक्सिकोचे आखात आणि फ्लॉरिडाच्या किनाऱ्याकडचे. १८३९ च्या सुमारास न्यू साऊथ वेल्समधील स्कोन गावी ती एका कुंडीतून आली, अशी नोंद आहे. १८४० च्या दशकात तेथून फडे नेऊन क्वीन्सलंडमधील चिंचिलापर्यंत कुंपणे लावण्यात आली. जिवंत कुंपण, पैसा लागत नाही, दुष्काळात गुरांना चारा. गृहिणींनी फळांचा मुरंबाही केला.

११/ निवडुंगाची वाढण्याची रीत शेतकऱ्याचा अंत पाहणारी आहे. फडा तोडून टाकला तर तो पडल्या जागी मुळे धरतो. नांगर फिरवला तर एका झुडपाची ५० होतात. पूर आला तर फडे वाहत जाऊन नदीकाठ व्यापतात. लाल बोंडे पक्षी खातात आणि बिया मैलोगणती दूर टाकतात. साध्या तणावर जे उपाय चालतात, तेच येथे तणाची लागवड करतात.

१२/ १८८६ मध्ये न्यू साऊथ वेल्सने निवडुंग नष्ट करण्याचा कायदा केला. जमीनमालकाने आपल्या जमिनीवरचा निवडुंग स्वतःच्या खर्चाने काढावा, असा त्याचा मथितार्थ. कायदा कागदावर चोख होता. अडचण एवढीच की निवडुंग काढण्याचा खर्च कित्येक ठिकाणी जमिनीच्या किमतीहून अधिक. मग शहाणा माणूस निवडुंग काढण्याऐवजी जमीनच सोडून जाई. सोडलेली जमीन निवडुंगाचे आगर बने आणि शेजारच्याने कायदा पाळून केलेले कष्ट पाण्यात जात.

१३/ १९०१ साली क्वीन्सलंड सरकारने नामी उपाय शोधणाऱ्यास ५,००० पौंडांचे इनाम लावले. १९०७ मध्ये ते दुप्पट केले. सूचनांचा पाऊस पडला. इनाम मात्र कोणालाच मिळाले नाही.

१४/ या साऱ्या काळात एक मूलभूत गोष्ट धूसर होती. निवडुंग आहे तरी किती? जमीन महसुलाचे अधिकारी आणि वसाहतदार यांच्या सांगण्यावरून अंदाज बांधले जात. १९०० च्या सुमारास तो आकडा होता सुमारे १ कोटी एकर. १९२० नंतर तो ६ कोटी एकरांच्या घरात गेला. त्यातील साधारण निम्म्या क्षेत्रावर निवडुंग इतका दाट की माणूस किंवा जनावर आत शिरू शकत नसे. वाढीचा वेग वर्षाला १० लाख एकर मानला जाई.

१५/ ६ कोटी एकर म्हणजे सुमारे २ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर. आजच्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून निघालेल्या माणसाला नागपूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या, छातीएवढ्या काट्यांखेरीज काही दिसू नये, अशी कल्पना केली म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. घरे सोडून माणसे निघून गेली. अंगणापर्यंत निवडुंग येऊन भिडला.

१६/ १९१२ मध्ये क्वीन्सलंड सरकारने दोन कामे एकाच वेळी हाती घेतली. पहिले म्हणजे डुलॅका येथील प्रयोग केंद्र. त्याची सूत्रे मेलबर्न विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जीन व्हाइट यांच्याकडे देण्यात आली. शास्त्रीय केंद्राचे प्रमुखपद एका स्त्रीकडे जाणे हे त्या काळी अपूर्वच. उन्हाने करपलेल्या, काट्यांनी वेढलेल्या त्या जागी त्यांनी हजारो प्रयोग केले. कोणते रसायन, किती प्रमाणात, फड्यात टोचून की वरून फवारून, कोणत्या ऋतूत. निष्कर्ष निघाला तो सोमलाच्या बाजूने. आर्सेनिक पेंटॉक्साइड हे सर्वांत परिणामकारक विष ठरले.

१७/ सोमल निवडुंग मारी, यात शंका नाही. पण ते वापरणाऱ्यांचे हाल शब्दांत सांगण्यासारखे नव्हते. गंधकाम्लात मिसळलेले ते विष कपडे जाळी, कातडी सोलून काढी. तरीही दुसरा मार्ग नसल्याने वर्षानुवर्षे हजारो मण सोमल त्या जमिनीत उतरत राहिला. दाट रानात त्याचा खर्च पेलणे तर अशक्यच.

१८/ दुसरे काम अधिक दूरदृष्टीचे होते. प्रा. टी. हार्वे जॉन्स्टन आणि कीटकतज्ज्ञ हेन्री ट्रायन यांना सरकारने जगाच्या सफरीवर धाडले. ज्या ज्या देशात निवडुंग आहे तेथे जावे, त्याला खाणारे कोण हे पाहावे आणि ते आणता येईल का याचा अहवाल द्यावा. ही पाहणी निवडुंगाची नव्हती. निवडुंगाच्या वैऱ्यांची होती. जावा, सिलोन, हिंदुस्थान, आफ्रिका, युरोप, अमेरिका. १९१४ मध्ये ते परतले.

१९/ हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये त्यांना १७९५ सालच्या त्या फसलेल्या रंगकिड्याची पूर्ण हकिगत समजली. तो किडा ऑस्ट्रेलियात नेण्यात आला आणि डॉ. व्हाइट यांनी तो वाढवून १९१४ च्या सुमारास उत्तर क्वीन्सलंडमध्ये सोडला. तेथे ओपन्शिया मोनाकँथा माजला होता. काही वर्षांतच तो नाहीसा झाला. रिओहून कलकत्त्याला चुकून आलेला किडा १०० हून अधिक वर्षांनी दक्षिण गोलार्धात जाऊन आपले तेच काम करून मोकळा झाला.

२०/ आणि दक्षिण हिंदुस्थानात झाले तेच येथेही झाले. मुख्य शत्रू असलेल्या ओपन्शिया स्ट्रिक्टाला त्याने स्पर्शही केला नाही. मात्र या प्रयोगाने धोरणकर्त्यांचा एक संशय कायमचा फिटला. किडा निवडुंग मारू शकतो. प्रश्न उरला तो योग्य जातीला योग्य किडा शोधण्याचा.

२१/ तो किडा जॉन्स्टन आणि ट्रायन यांनी खरे तर पाहिलाही होता. अर्जेंटिनात निवडुंगाचे फडे आतून पोखरणाऱ्या कॅक्टोब्लास्टिसच्या अळ्या त्यांनी १९१४ मध्ये ब्रिस्बेनला आणल्या. पतंग बाहेर पडले, पण अंडी घातली गेली नाहीत आणि वंश तेथेच खुंटला. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले. या एका अपयशाची किंमत ११ वर्षे आणि कोट्यवधी एकर.

२२/ युद्धानंतर, १९२० मध्ये, केंद्र सरकार आणि दोन्ही प्रांत यांनी मिळून राष्ट्रकुल निवडुंग मंडळ स्थापन केले. अमेरिका खंडात संशोधक पाठवून निवडुंगावर जगणाऱ्या सुमारे दीडशे जातींच्या कीटकांचा अभ्यास झाला. प्रत्येकाची उपासमारीची परीक्षा घेतली जाई. बंद पेटीत किड्यापुढे गहू, फळझाडे, भाजीपाला ठेवायचा आणि पाहायचे की भुकेने मरताना तरी तो त्यांना तोंड लावतो का. जो लावील तो बाद. कंटाळवाणे, चिकाटीचे काम. वृत्तपत्रांना त्यात काहीच रस नव्हता.

२३/ या परीक्षेचे मोल दुसऱ्या एका उदाहरणावरून कळते. त्याच क्वीन्सलंडमध्ये १९३५ साली उसावरील भुंगेऱ्यांसाठी हवाईहून केन टोड हे विषारी भेक आणले गेले. असली कसून पारख न करता. भुंगेऱ्यांचे काही बिघडले नाही. भेके मात्र खंडाच्या मोठ्या भागात पसरली. एकाच प्रांतात, दहा वर्षांच्या अंतराने आयात झालेले हे दोन जीव. एकाचे स्मारक झाले, दुसऱ्याविरुद्ध आजही मोहिमा चालतात.

२४/ दरम्यान सरकारी यंत्रणा हातावर हात ठेवून बसली नव्हती. १९२४ पासून निवडुंग जमीन आयोग काम करू लागला. त्याने जमिनींची वर्गवारी केली, सोमल स्वस्तात पुरवला आणि निवडुंग काढण्याच्या अटीवर जमिनी दिल्या. बोंडे खाऊन बिया पसरवतात म्हणून एमू आणि कावळे मारणाऱ्यांस बक्षिसेही दिली. एमूची अंडीसुद्धा मोजून पैसे मिळत. पक्ष्यांची प्रचंड कत्तल झाली. निवडुंग तसूभरही मागे हटला नाही. माणसाची बुद्धी टेकीला आली की शिक्षा ज्याला बोलता येत नाही त्याला होते.

२५/ १९२५ च्या प्रारंभी अॅलन डॉड हा तरुण कीटकतज्ज्ञ अर्जेंटिनात पोहोचला. काँकॉर्डिया परिसरातून कॅक्टोब्लास्टिसच्या अळ्या गोळा करून त्याने त्या वाढवल्या आणि ३ हजारांहून थोडी कमी अंडी जहाजाने रवाना केली. खाद्य म्हणून निवडुंगाचे फडेही सोबत. मे महिन्यात पेटारे ब्रिस्बेनला उतरले. या वेळी पतंगांनी अंडी घातली. वर्षभरात अंड्यांची संख्या लाखांच्या पलीकडे गेली. ऑस्ट्रेलियातील पुढची सारी प्रजा या एका पाठवणीची संतती.

२६/ कॅक्टोब्लास्टिसची मादी अंडी सुटी घालत नाही. एकावर एक रचून काडी तयार करते. एका काडीत ६० ते १०० अंडी. दुरून पाहावे तर निवडुंगाचाच काटा वाटावा. नारिंगी अंगावर काळे ठिपके असलेल्या अळ्या एकत्र बाहेर पडतात आणि एकाच छिद्रातून फड्यात शिरतात. फड्यातील चिकट द्रवात एकटीदुकटी अळी बुडून मेली असती; झुंडीने त्या तरतात. आतला गर खाल्ला जातो, जखमेतून बुरशी आणि जंतू शिरतात. काही आठवड्यांत छातीएवढे झुडूप सडक्या लगद्याच्या ढिगाऱ्यात बदलते.

२७/ १९२६ पासून अंडी वाटपाची मोहीम सुरू झाली. कागदाच्या लहान नळ्यांत अंड्यांच्या काड्या चिकटवून त्या पेट्यांत भरल्या जात, मोटारींतून वसाहतीवसाहतींत पोहोचवल्या जात आणि शेतकरी त्या टाचणीने फड्यांवर टोचत. पुढच्या चारपाच वर्षांत २ अब्जांहून अधिक अंडी अशा रीतीने पसरवली गेली. कोणत्या तुकड्यावर किती अंडी लागतील याचा हिशेब आधीच्या पाहणीवरून होई. मोजणीखात्याचा रुक्ष नकाशा येथे प्रथमच शस्त्र म्हणून उपयोगी पडला.

२८/ १९३० पर्यंत चिंचिलाभोवतीची दाट राने कोसळू लागली. सडलेल्या फड्यांची दुर्गंधी मैलभर पसरे. आणि मग धक्का बसला. खाद्य संपल्यामुळे १९३१-३२ च्या सुमारास अळ्या उपासमारीने कोट्यवधींनी मेल्या आणि जमिनीत उरलेल्या गड्ड्यांतून निवडुंग पुन्हा फुटला. शेतकऱ्यांचे चेहरे उतरले. पण उरलेले पतंग नव्या कोवळ्या फुटीवर वाढले आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा निर्णायक ठरली. १९३३ च्या अखेरीस क्वीन्सलंडमधील शेवटची मोठी राने संपली.

२९/ ओसाड पडलेल्या जमिनीवर पुन्हा गहू, दूधदुभते आणि वस्ती आली. बूनार्गाचे सभागृह त्या सुगीतले. येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. विजय सर्वत्र सारखा नव्हता. थंड दक्षिण भागात पतंग मंदावला, किनाऱ्याजवळही त्याचे फारसे चालले नाही; आणि टायगर पेअर नावाची बारकी, चिवट जात त्याला पुरून उरली. तिच्याशी झगडा आजही चालू आहे.

३०/ आता हिंदुस्थानचा धागा पुन्हा उचलायला हवा. कॅक्टोब्लास्टिसच्या आधी ऑस्ट्रेलियाने अमेरिकेतून दुसरा एक किरमिजी किडा आणला होता, डॅक्टिलोपियस ओपन्शिई. ऑस्ट्रेलियामार्गे तो १९२४ च्या सुमारास सिलोनला पोहोचला आणि तेथून १९२६ मध्ये दक्षिण हिंदुस्थानात. ९० वर्षांपूर्वी पहिल्या किड्याने ज्यांना नाकारले होते, त्याच डिलेनाय आणि इलॅटिअर जातींवर हा किडा तुटून पडला. पाचसहा वर्षांत मैलोगणती निवडुंग पांढऱ्या कापसासारख्या थराखाली वाळून गेला. तो कापूस बोटाने चिरडला की बोट लालभडक होते.

३१/ म्हणजे देणेघेणे असे झाले. दक्षिण आशियाने ऑस्ट्रेलियाला एक किडा दिला आणि १० वर्षांनी ऑस्ट्रेलियाकडून दुसरा घेतला. दख्खनमध्ये आज बांधावर निवडुंग दिसतो तो विरळ, तुरळक. त्यामागे हा व्यवहार आहे, हे त्या बांधाचा मालक बहुधा जाणत नाही.

३२/ मग याच रीतीने बाकीची आगंतुक तणे का संपली नाहीत? घाणेरी, म्हणजे टणटणी, १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या त्याच वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. आज सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंत जंगलांचा तळ तिने झाकला आहे. १९४१ मध्ये तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातून एक ढेकणासारखा किडा डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत आणला गेला. परीक्षेत तो सागाच्या फुलांवर गेला, म्हणून सारी पैदास नष्ट करण्याचा निर्णय झाला. तरीही तो निसटला आणि १९५१ मध्ये बाहेर मोकळा सापडला. सुदैवाने सागाचे नुकसान झाले नाही. दुर्दैवाने घाणेरीचेही फारसे झाले नाही. बागायतदारांनी संकर करकरून घाणेरीच्या इतक्या रूपांची भेसळ करून ठेवली आहे की तिला एकच एक वैरी सापडत नाही.

३३/ गाजर गवताची कथा महाराष्ट्राच्या अंगणातली. भारतातील त्याची आधुनिक नोंद १९५५ सालची, पुण्यातली. पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आले, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले. पण पीएल-४८० चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकन गहू त्याआधीही येत होता, त्यामुळे गव्हावरचा संशय पूर्ण पुसला जात नाही. कराराला मात्र नाहक दोष मिळाला. १९८४ मध्ये बेंगळुरूत त्यावर मेक्सिकन भुंगेरा सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली, चौकशी समिती बसली आणि कित्येक वर्षे नवे प्रसारण थांबले. अखेर सूर्यफुलाला खरा धोका नाही, असेच अभ्यासातून दिसले.

३४/ कॅक्टोब्लास्टिसची कीर्ती मात्र जगभर गेली आणि तीच पुढच्या संकटाचे कारण ठरली. १९५७ मध्ये कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावर तो सोडण्यात आला. तेथील निवडुंग परका नव्हता, देशीच होता. चराईमुळे माजला होता एवढेच. काम फत्ते झाले. मग शेजारच्या बेटांनीही तो मागून घेतला. ऑस्ट्रेलियात निवडुंगाचे एकही देशी भावंड नव्हते. येथून मात्र निवडुंगाची मूळ भूमी समुद्रापलीकडे हाकेच्या अंतरावर होती.

३५/ १९८९ मध्ये तो फ्लॉरिडाच्या बेटांवर सापडला. तेथे मोजक्या रोपांनिशी तग धरून असलेल्या दुर्मीळ देशी निवडुंगावर त्याची अळी चढली. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर दिसला. ज्या देशाच्या राष्ट्रध्वजावर निवडुंग आहे, ज्याच्या ताटात कोवळे फडे रोज भाजी म्हणून येतात आणि ज्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पोट त्यावर चालते, त्या देशासाठी ही परचक्राची वार्ता होती.

३६/ मेक्सिकोने बेटावरचे एकूण एक निवडुंगाचे झुडूप तपासले. अंड्यांच्या काड्या हातांनी वेचल्या, बाधित फडे तोडून पुरले, कामगंधाचे सापळे टांगले, नपुंसक केलेले पतंग सोडले. शेजारच्या काँतॉय बेटावरही हेच झाले. २००९ पर्यंत दोन्ही बेटे मुक्त झाली. पण अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याने पतंग पश्चिमेकडे सरकतच राहिला. २००९ मध्ये लुईझियाना आणि २०१८ पर्यंत टेक्सस. तेथून दक्षिणेकडे मेक्सिकोच्या सीमेपर्यंत किनाऱ्याने निवडुंगाची सलग रांग आहे.